कांद्याचा गोंडा आणि घरचे बी

कांद्याच्या उभ्या पिकात थंडीच्या दिवसांत एखाद्या रोपातून पोकळ, गोल दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडूसारखा गोंडा उमलतो. यालाच आपण डेंगळा म्हणतो. डेंगळा दिसला की शेतकऱ्याचे मन खट्टू होते, आणि ते साहजिक आहे. डेंगळा आलेल्या रोपाचा कांदा नीट पोसत नाही, त्याच्या मध्यभागी कठीण दांडा राहतो, तो टिकत नाही आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. परंतु हा गोंडा उमललाच नाही तर कांद्याचे बी कोठून येणार? जो गोंडा एका शेतात नुकसान करतो तोच दुसऱ्या शेतात पुढील वर्षाचे भांडवल ठरतो. म्हणून गोंड्याकडे केवळ रागाने न पाहता, कोणत्या गोंड्याचे बी धरावे आणि कोणत्याचे धरू नये, हे प्रत्येक कांदा उत्पादकाने समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

फुलासाठी लावलेले कांदे

कांदा, लसूण यांच्या कुळात शेकडो जाती आहेत. त्यांपैकी काही थंड हवेच्या देशांत केवळ शोभेसाठी लावल्या जातात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. इंग्लंड, हॉलंड इत्यादी देशांत बागेच्या कडेच्या पट्ट्यांत हे शोभेचे कांदे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जमिनीत पुरतात. हिवाळाभर ते थंडीत पडून राहतात आणि मे-जूनमध्ये त्यांना उंच दांड्यांवर गोंडे येतात. त्यांतील काहींचा रंग गडद जांभळा, तर काहींचा जवळजवळ काळपट वाटावा असा वांगी असतो. ‘पर्पल सेन्सेशन’ हा गडद जांभळ्या गोंड्यांचा वाण तेथे विशेष लोकप्रिय आहे.

या वाणाची एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. त्याचे बी बागेत गळून पडले तर त्यापासून रोपे उगवतात, पण ती सारी मूळ झाडासारखी निपजत नाहीत. पुष्कळ रोपांच्या फुलांचा रंग फिकट येतो. अशी रोपे वाढू दिली तर काही वर्षांत गडद रंगाच्या ताटव्यात फिकट फुलांची भेसळ होते. म्हणून जाणता माळी फुले सुकताच, बी गळण्यापूर्वी, गोंडे कापून टाकतो आणि नवीन लागवड कांद्याच्या बाजूला फुटलेल्या पिल्लांपासून करतो. फुलाच्या एका रंगासाठी तेथील माळी इतका दक्ष राहतो. मग ज्या पिकावर आपल्या घराचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून आहे, त्याच्या बियाण्याविषयी आपण किती दक्ष असले पाहिजे!

मात्र आपल्यात आणि त्या माळ्यात एक मोठा फरक आहे. त्याला हवे असते फूल, आपल्याला हवा असतो कांदा. तो सर्वांत चांगला गोंडा पाहून निवड करतो. आपण मात्र गोंडा पाहून निवड करावयाची नाही, कांदा पाहून करावयाची. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे पुष्कळ ठिकाणी घरच्या बियाण्याचे नाव खराब झालेले आहे.

डेंगळा का येतो?

कांदा हे द्विवर्षायु पीक आहे. पहिल्या हंगामात बियांपासून कांदा तयार होतो. तो कांदा पुन्हा जमिनीत लावला म्हणजे दुसऱ्या हंगामात त्याला फुले व बी येते. फुलाचा दांडा निघण्यासाठी कांद्याला थंडी मिळावी लागते. सर्वसाधारणपणे १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान काही आठवडे मिळाले म्हणजे कांद्याच्या आतील डोळ्यात पानांऐवजी फुलाचा दांडा घडू लागतो. परदेशी बागेतील शोभेच्या कांद्याला लागणारी थंडी याहून अधिक असते, परंतु तत्त्व तेच आहे.

उभ्या पिकातील रोप पुरेसे मोठे झाल्यावर कडक थंडी पडली तर तेच रोप पहिल्याच हंगामात डेंगळा काढते. आपल्याकडे रांगडा कांद्यात हा प्रकार अधिक दिसतो, कारण त्याची रोपे वाढीला लागल्यावर ऐन थंडी सुरू होते. लागवडीची वेळ चुकली किंवा फार मोठी, जून रोपे लावली तरीही डेंगळ्यांचे प्रमाण वाढते. परंतु एकाच शेतात, एकाच दिवशी लावलेल्या आणि एकाच थंडीत वाढलेल्या रोपांपैकी काहींनाच डेंगळे येतात, बाकीच्यांना येत नाहीत, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे. याचा अर्थ असा की, थोड्या थंडीने लवकर डेंगळा काढण्याची खोड काही अंशी त्या रोपाच्या रक्तातच असते, आणि ती बियांतून पुढच्या पिढीत उतरते.

डेंगळ्याचे बी धरू नये

येवला तालुक्यातील एका वस्तीवर मी पीक पाहण्यासाठी गेलो असता तेथील शेतकऱ्याने मला आपला उन्हाळ कांद्याचा वाफा दाखविला. जिकडेतिकडे गोंडे डोलत होते. “साहेब, बी तर घरचेच होते. विकतचे नव्हते, फसवणूक म्हणावी तर कुणाची?” तो म्हणाला. अधिक चौकशी करता त्याच्या आईने खुलासा केला. आदल्या वर्षी पावसाने रोपवाटिका वाहून गेली, तेव्हा बियाण्याची फार ओढाताण झाली होती. पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून तिने पिकातील सगळे डेंगळे मोठ्या काळजीने राखले, त्यांचे बी काढले आणि मडक्यात जपून ठेवले. “चांगले टपोरे बी होते, भाऊ,” ती म्हणाली.

बी टपोरे होते यात शंका नाही, आणि त्या माउलीच्या कष्टांतही कसूर नव्हती. चूक निवडीत होती. जी रोपे कांदा न पोसता फुलावर गेली, नेमके त्यांचेच बी धरले गेले. ज्या रोपांनी शेवटपर्यंत डेंगळा न काढता उत्तम कांदा दिला, ती सर्व बाजारात विकली गेली. म्हणजे नकळत डेंगळे काढणाऱ्या रोपांचीच निवड झाली. असे दोन-तीन वर्षे चालले तर मूळचा चांगला वाण हातचा गेल्याशिवाय राहत नाही. तेव्हा विक्रीच्या पिकात आलेला डेंगळा बियाण्यासाठी कधीही राखू नये.

मातृकांद्याची निवड

बियाण्यासाठी लावावयाच्या कांद्याला मातृकांदा म्हणतात. उन्हाळ कांद्याची काढणी एप्रिल-मे महिन्यांत होते. निवडीस तेथूनच प्रारंभ करावा. डेंगळे आलेली रोपे आधीच बाजूला काढावीत. उरलेल्यांतून वाणाच्या मूळ रंगाचे, गोल, बारीक मानेचे, मध्यम आकाराचे कांदे वेचावेत. जोडकांदे, जाड मानेचे, चिरलेले, फिकट किंवा वेगळ्या रंगाचे कांदे घेऊ नयेत. लहान चिंगळी कांदा खर्च वाचविण्यासाठी लावण्याचा मोह होतो. परंतु लहान कांद्याला दांडे कमी येतात आणि बीही कमी मिळते. साधारण ५० ते ६० ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक वजनाचा कांदा योग्य होय.

निवडलेले कांदे पात सुकवून हवेशीर कांदाचाळीत वेगळे ठेवावेत. ऑक्टोबरपर्यंत त्यांतील काही सडतील, काहींना कोंब येतील. हे नुकसान वाटले तरी बियाण्याच्या दृष्टीने तो लाभच आहे. जे कांदे पावसाळाभर चाळीत राहून ऑक्टोबरमध्येही टणक निघतात, तेच टिकाऊपणाच्या परीक्षेस उतरलेले असतात, आणि त्यांचेच बी आपल्याला हवे आहे. म्हणून मे महिन्यात गरजेच्या सुमारे दुप्पट कांदे राखावेत आणि लागवडीपूर्वी पुन्हा एकदा निवड करावी.

खरिपातील पोळ कांद्याच्या वाणांना ही साठवणुकीची पायरी नसते. त्यांचे कांदे काढणीनंतर दोन-तीन आठवडे विश्रांती देऊन त्याच हंगामात लावावे लागतात. त्यांच्या लागवडीस उशीर झाला तर पुरेशी थंडी मिळत नाही आणि दांडे कमी येतात, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक सूचना करणे आवश्यक आहे. संकरित वाणाचे बी पुढील पेरणीसाठी धरू नये, त्याची संतती एकसारखी निपजत नाही. एन-२-४-१, बसवंत-७८०, ॲग्रीफाउंड लाइट रेड, भीमा शक्ती यांसारख्या सुधारित वाणांचे बी मात्र शेतकऱ्यास आपल्या शेतावर धरता येते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क मान्य केलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी त्या वाणाची छाप लावून विकता येत नाही.

दोन वाणांत अंतर किती असावे?

कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो लहान फुले असतात. प्रत्येक फुलातील पराग आधी गळतो आणि त्याचे स्त्रीकेसर नंतर तयार होते. त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग सहसा उपयोगी पडत नाही. मधमाश्या व इतर कीटक दुसऱ्या फुलांचा पराग आणतात तेव्हा बी धरते. कीटक मात्र शेताचा बांध ओळखत नाहीत. जवळपास दुसऱ्या वाणाचे गोंडे फुललेले असतील तर दोहोंची भेसळ अटळ आहे.

या बाबतीत माझीच एक चूक नमूद करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गावात पांढऱ्या कांद्याचा बियाण्याचा प्लॉट पाहिला. तेथून दोन शेते सोडून दुसऱ्या शेतकऱ्याने लाल कांद्याचे गोंडे राखले होते. मला ते दिसले, पण पीक इतके डौलदार होते की, ते मोडावयास सांगण्याचा धीर मला झाला नाही. पुढील वर्षी त्या बियाण्याच्या पिकात पांढऱ्या कांद्यांबरोबर गुलाबी व लाल कांदेही निघाले. पांढऱ्या कांद्याच्या व्यापाऱ्याने तो माल अर्थातच नाकारला. तो शेतकरी मला काही बोलला नाही, पण तेव्हापासून अंतर पाहिल्याशिवाय मी कोणालाही गोंडे राखण्याचा सल्ला देत नाही.

प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत किमान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी किमान १,००० मीटर अंतर ठरवून दिलेले आहे. गावात असे अंतर राखणे एकट्या शेतकऱ्याच्या हाती नसते. यासाठी उत्तम उपाय म्हणजे एका शिवारात सर्वांनी एकाच वाणाचे बी धरणे. लागवडीपूर्वी ऑक्टोबरमध्ये शेजाऱ्यांची बैठक घेऊन हे ठरवावे. गोंडे फुलल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

लागवड

जमीन मध्यम, उत्तम निचऱ्याची निवडावी. आदल्या हंगामात तेथे कांदा किंवा लसूण घेतलेला नसावा. एकरी ८ टन कुजलेले शेणखत मिसळून ६० सेंटिमीटरवर सऱ्या काढाव्यात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लागवड पूर्ण करावी.

लागवडीच्या वेळी मातृकांद्याचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग धारदार चाकूने आडवा कापावा. यामुळे कोंब लवकर व सारखे फुटतात आणि आतून सडलेला कांदाही त्याच वेळी ओळखू येतो. बूड मात्र दुखावू नये, कारण मुळे तेथूनच फुटतात. कापलेले कांदे शिफारस केलेल्या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून, निथळून लावावेत. दोन कांद्यांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे व कांदा मातीने झाकावा. या अंतराने एकरी सुमारे २२,००० कांदे, म्हणजे ११ ते १३ क्विंटल मातृकांदे लागतात.

माती परीक्षणानुसार खते द्यावीत. साधारणपणे एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद व २० किलो पालाश पुरते. अर्धे नत्र व संपूर्ण स्फुरद-पालाश लागवडीच्या वेळी द्यावे आणि उरलेले नत्र महिन्याभराने देऊन त्याच वेळी झाडांना मातीची भर द्यावी. गोंड्यांचे वजन वाढल्यावर वाऱ्याने दांडे कोलमडतात. भर दिलेली झाडे तग धरतात. पाणी ८ ते १० दिवसांच्या अंतराने, जमिनीचा मगदूर पाहून द्यावे. फुलोऱ्यात व बी भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नये.

मधमाशी ही या पिकाची मजूर आहे

कांद्याचे बी किती भरेल हे मोठ्या अंशी मधमाशीवर अवलंबून असते. फुलाच्या बोंडात तीन कप्पे असून प्रत्येकात दोन, असे जास्तीत जास्त सहा दाणे भरू शकतात. परागीभवन अपुरे झाले तर बोंडे पोचट राहतात. सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिन्ही मधमाश्या कांद्याच्या गोंड्यांवर येतात. शक्य असल्यास फुलोरा सुरू होताच एकरी दोन-तीन मधपेट्या ठेवाव्यात. पेट्या नसल्यास निदान बांधावरील झुडपांतील फुलोरी मधमाश्यांची पोळी जाळू अगर मोडू नयेत.

फुलकिडे आणि करपा हे या पिकाचे मुख्य शत्रू होत. जांभळ्या करप्याचे चट्टे दांड्यावर पडले की दांडा त्या जागी मोडतो आणि वरचा गोंडा वाया जातो. म्हणून फवारण्या आवश्यक असल्या तरी त्या फुलोऱ्यापूर्वीच पूर्ण कराव्यात. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले तर फुलकिड्यांबरोबर मधमाश्याही मरतात आणि पीक वाचविण्याच्या प्रयत्नात बी गमावले जाते. फवारणी टाळता येतच नसेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने, मधमाश्यांना कमी हानिकारक औषध, त्या पोळ्याकडे परतल्यावर संध्याकाळी वापरावे.

पिकात वेगळ्या जातीची, रोगट किंवा खुरटी झाडे दिसल्यास ती फुले उमलण्यापूर्वी उपटून टाकावीत. उमलल्यानंतर उपटल्यास त्यांचा पराग आधीच पसरलेला असतो.

काढणी, साठवण आणि उगवण चाचणी

सर्व गोंडे एकाच वेळी पक्व होत नाहीत. गोंड्यातील १० ते २० टक्के बोंडे फुटून आतील काळे बी दिसू लागले की तो गोंडा १० ते १५ सेंटिमीटर दांड्यासह कापावा. अशी काढणी तीन-चार वेळा करावी लागते. ती सकाळी, दव असताना करावी म्हणजे बी झडत नाही. सर्व गोंडे पिकण्याची वाट पाहणारा शेतकरी पहिले, भरदार बी जमिनीवर सांडतो.

कापलेले गोंडे ताडपत्रीवर पातळ पसरून सुकवावेत, हलक्या काठीने झोडपावेत आणि उफणून पोचट बी वेगळे करावे. मिळालेले बी चांगले वाळवावे. त्यातील ओलावा साध्या पिशवीसाठी ८ टक्क्यांहून आणि हवाबंद डब्यासाठी ६ टक्क्यांहून अधिक नसावा. डब्यावर वाणाचे नाव व काढणीचे वर्ष लिहावे. कांद्याच्या बियाची उगवणशक्ती फार लवकर कमी होते. साध्या साठवणीत वर्षापलीकडे त्याचा भरवसा धरू नये.

म्हणून पेरणीपूर्वी चाचणी अवश्य घ्यावी. न निवडता १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात पसरावेत, फडके गुंडाळून सावलीत ओलसर ठेवावे आणि १२ व्या दिवशी निरोगी कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक निघाले तर बी पेरणीयोग्य समजावे. ही चाचणी घरचे बी असो वा विकतचे, दोहोंनाही लागू आहे.

एका गुंठ्याचा हिशेब

एक एकर कांदा लावण्यास ३ ते ४ किलो बी लागते. चांगल्या व्यवस्थापनात एकरी २ ते ३ क्विंटल बी मिळते. एकरी २ क्विंटल धरले तरी एका गुंठ्यात ५ किलो बी होते. गुंठ्याला सुमारे ५५० मातृकांदे, म्हणजे जेमतेम ३० किलो कांदे लागतात. हवामान बिघडून उत्पन्न निम्म्यावर येईल ही शक्यता गृहीत धरून दोन गुंठे राखले, तर एक एकर लावणाऱ्या कुटुंबाची गरज बहुधा घरीच भागते. मात्र परसात दहा-वीस कांदे लावून बी धरण्याची पद्धत बरी नव्हे. थोड्या झाडांत आपसांतच परागीभवन होत राहिले तर पुढील पिढ्यांचा जोम घटतो. काही शे कांदे असावेतच.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यासाठी वर्षातून तीन फेऱ्या पुरेशा आहेत. मे महिन्यात निवडीच्या वेळी, ऑक्टोबरमध्ये लागवड व अंतर ठरविताना, आणि फुले उमलण्यापूर्वी भेसळ काढताना त्यांनी शेतावर उभे राहावे. घरात बी राखण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. तेव्हा निवडीचे प्रात्यक्षिक त्यांच्यासमोर झाले नाही तर ते व्यर्थ होय.

येवल्याच्या त्या वस्तीवर पुढील मे महिन्यात मी पुन्हा गेलो. त्या आजीने काढलेल्या कांद्यांच्या राशीतून एक-एक कांदा उचलून, मान पाहून, बाजूच्या पाटीत ठेवावयास सुरुवात केलेली होती. डेंगळ्याचे कांदे तिने आधीच घरच्या भाजीसाठी वेगळे काढले होते. त्यांची जागा तीच होय. पुढील वर्षाचे बी त्या पाटीत होते.